न तुटणारी माळ

२७९९४६८१ या संख्येला ४४१ ने गुणा. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून कागदावरच गुणा, कारण अंक हळूहळू जागेवर बसताना पाहण्यात खरी मौज आहे. उत्तर येते १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढत गेलेले आणि पुन्हा एकापर्यंत उतरत आलेले अंक. सुमारे पावणेबाराशे वर्षांपूर्वी महावीराचार्य नावाच्या जैन गणितज्ञाने आपल्या ‘गणितसारसंग्रह’ या संस्कृत ग्रंथात हे उदाहरण घातले. ज्या हिंदी आवृत्तीतून मी ते उतरवून घेतले, ती १९६३ मध्ये सोलापुरात प्रसिद्ध झालेली आहे.

सोलापूर म्हटले की चादर, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी एवढे सर्वांना आठवते. प्राचीन भारतीय गणिताच्या अभ्यासकांना मात्र हे शहर आणखी एका कारणाने माहीत आहे. ते कारण म्हणजे जैन संस्कृति संरक्षक संघ आणि त्याची ‘जीवराज जैन ग्रंथमाला’. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी हे सोलापूरचे रहिवासी. १९४० मध्ये त्यांच्या मनाने घेतले की, सचोटीने मिळवलेला आपला पैसा धर्माच्या आणि समाजाच्या कामी लावायचा. तो नेमका कशात घालावा, हे विचारण्यासाठी ते देशभर विद्वानांना भेटत फिरले. १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथ क्षेत्री त्यांनी विद्वानांना एकत्र बोलावले, तिथून संघाची स्थापना झाली आणि त्यांनी तीस हजार रुपयांची देणगी जाहीर केली. १९४४ मध्ये त्यांनी जवळजवळ दोन लाखांची आपली सगळी मालमत्ता ट्रस्ट करून संघाच्या स्वाधीन केली. जानेवारी १९५७ मध्ये ते गेले.

हा पैसा गेला पोथ्यांमध्ये. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवणारे डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन हे या मालेचे संपादक होते. पहिलाच ग्रंथ निघाला तो ‘तिलोयपण्णत्ती’, म्हणजे तिन्ही लोकांची लांबी, रुंदी आणि घनफळे मोजत जाणारा प्राकृत ग्रंथ. १९५८ मध्ये ‘जंबूदीवपण्णत्तीसंगहो’ आला. त्याला प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांचा तिलोयपण्णत्तीच्या गणितावरचा मोठा निबंध जोडलेला होता. याच लक्ष्मीचंद्रांनी पाच वर्षांनी ‘गणितसारसंग्रह’ हिंदी अनुवादासह सिद्ध केला. मालेतला तो बारावा ग्रंथ. त्याआधी एम. रंगाचार्य यांनी १९१२ मध्ये मद्रासहून मूळ संहिता आणि इंग्रजी भाषांतर छापले होते, पण ती प्रत हाती लागणे दुरापास्तच होते. ज्या ग्रंथाला शंभर वाचक मिळतील की नाही याची खात्री नाही, त्यासाठी आयुष्यभराची मिळकत देणे, हे मला सोलापूरच्या इतिहासातल्या मोठ्या गोष्टींपैकी एक वाटते. शहराच्या कौतुकात तिचा उल्लेख क्वचितच होतो, याची खंतही वाटते.

महावीराचार्य तसे आपल्या शेजारचेच. ते राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळातले, म्हणजे इसवी सन ८५० च्या आसपासचे. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचे मळखेड. कलबुर्गी जिल्ह्यात, कागिणा नदीच्या काठी. सोलापूरहून गाडीने कलबुर्गी गाठायची आणि तिथून थोडे पुढे जायचे. त्यांच्या ग्रंथावर कन्नडमध्ये टीका झाली, अकराव्या शतकात पावुलूरि मल्लनाने तो तेलुगूत नेला. सोलापूरच्या बाजारात कन्नड आणि तेलुगू आजही मराठीच्या बरोबरीने कानावर पडतात, तेव्हा हा ग्रंथ फिरून इथेच छापला जावा यात मला मोठे औचित्य दिसते.

ग्रंथाच्या सुरुवातीच्या भागात गुणाकाराची उदाहरणे आहेत. संख्या थेट सांगितलेल्या नाहीत, शब्दांत गुंफलेल्या आहेत: चंद्र म्हणजे १, नेत्र म्हणजे २, अग्नी म्हणजे ३. शिष्याने श्लोक फोडून अंक मांडायचे, मग गुणायचे. आणि उत्तर यायचे ते असे:

१३९ × १०९ = १५१५१

१५२२०७ × ७३ = ११११११११

१२३४५६७९ × ९ = १११११११११

१४२८७१४३ × ७ = १०००१०००१

१४२८५७१४३ × ७ = १००००००००१

३३३३३३६६६६६७ × ३३ = ११००००११००००११

अशा उत्तरांना महावीराचार्य गळ्यातल्या अलंकाराची, कंठाभरणाची उपमा देतात. अंक मण्यांसारखे ओवलेले, दोन्ही टोकांकडून सारखेच दिसणारे. शिष्याने गुणाकार चुकवला तर माळ लगेच वाकडी दिसते, हा शिक्षक म्हणून त्यांनी साधलेला आणखी एक फायदा. नववी-दहावीच्या वर्गात ही उदाहरणे आजच्या आज फळ्यावर लिहिण्यासारखी आहेत, आणि ती लिहिली जावीत असे मला मनापासून वाटते.

ही उदाहरणे तयार करताना आचार्यांनी उत्तर आधी धरले असणार आणि गुण्य-गुणक मागाहून काढले असणार. सहज म्हणून कोणी ७३ ला १५२२०७ ने गुणत नाही. आठ एकांची माळ समोर ठेवायची, ती कुठे तुटते हे शोधायचे आणि तुटलेले दोन तुकडे शिष्याच्या हाती द्यायचे, अशीच ही रीत दिसते. पहिले उदाहरण घ्या. २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग आहे, ४४१ हा २१ चा. ५२९१ ला २१ ने गुणले की येतात सहा एक. नीट मोजा, कारण एकांच्या माळेत डोळा नेहमी फसतो: ५२९१ × २१ = १,११,१११. स्वल्पविराम दिले की शंका राहत नाही. म्हणजे १२३४५६५४३२१ हा सहा एकांच्या संख्येचा वर्ग आहे.

याच वर्गांनी विसाव्या शतकात महाराष्ट्रातल्या दुसऱ्या एका माणसाला वेड लावले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. फर्ग्युसन कॉलेजात शिकले, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवले आणि देवळालीच्या शाळेत १९६२ पर्यंत शिक्षक राहिले. १२१, १२३२१, १२३४३२१ अशा संख्यांना त्यांनी ‘डेमलो संख्या’ म्हटले. हे नाव जी.आय.पी. रेल्वेच्या एका स्टेशनाचे, आजच्या डोंबिवलीचे, असे सांगतात. ती कल्पना त्यांना तिथे सुचली. ६१७४ या त्यांच्या स्थिरांकाने ते जगभर पोहोचले, १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले. हयातभर पुष्कळांनी या कामाला पोरखेळ मानले. मला ते कधीच तसे वाटले नाही, आणि का वाटले नाही ते पुढे येईलच.

महावीराचार्यांनी माळा दोनच तुकड्यांत तोडल्या. आपण त्या पुढे तोडत जाऊ. १२३४५६७९ म्हणजे ३७ × ३३३६६७. ३३३३३३६६६६६७ म्हणजे १९ × ५२५७९ × ३३३६६७. १४२८५७१४३ म्हणजे ११ × १३ × १९ × ५२५७९. एका माळेतला मणी दुसऱ्या माळेत सापडू लागतो: ३३३६६७ दोन ठिकाणी, ५२५७९ दोन ठिकाणी. १४२८७१४३ मध्ये ३, १३, ३७ आणि ९९०१ निघतात. हे सगळे अवयव मूळ संख्या आहेत, म्हणजे १ आणि स्वतः यांखेरीज कशानेही भाग न जाणाऱ्या. ही गोळाबेरीज जपून ठेवा, तिचे काम पुढे आहे.

मूळ संख्यांचा प्रश्न आचार्यांनी या श्लोकांत विचारलेला नाही. पण त्यांच्या माळा हातात घेतल्या की तो आपोआप उभा राहतो. प्रत्येक माळ तुटते का? नुसत्या एकांची अशी एखादी माळ आहे का, जी कशानेच तुटत नाही?

नुसत्या एकांचीच का, तर दुसऱ्या अंकांची शक्यताच नाही. ७७७ ला ७ ने भाग जातो, ३३३३ ला ३ ने. सारखा अंक पुन्हापुन्हा येणारी मोठी मूळ संख्या हवी असेल तर तो अंक एकच असू शकतो. अशा संख्येला आज जगभर ‘रिपयुनिट’ म्हणतात. हा शब्द अल्बर्ट बायलर यांनी १९६० च्या दशकात रूढ केला.

माळ किती एकांची आहे, यावर बरेच काही अवलंबून असते. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जेकार्डवर चादर विणताना जवळून पाहिली की हे चटकन समजते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची साखळी वर फिरत असते. शेवटचे कार्ड संपले की पहिले पुन्हा येते आणि कापडावर तीच नक्षी पुन्हा उमटते. कारागीर त्याला ‘रिपीट’ म्हणतात. सहा एकांच्या माळेतही असे रिपीट असते. १११ ची नक्षी दोनदा, किंवा ११ ची नक्षी तीनदा. म्हणून सहा एकांच्या संख्येला १११ नेही भाग जातो आणि ११ नेही. माळेची लांबी ज्या ज्या संख्येने विभागते, तेवढ्या लांबीच्या लहान माळेने मोठी माळ तुटते. तेव्हा न तुटणारी माळ हवी असेल तर एकांची संख्याच मूळ असली पाहिजे: २, ३, ५, ७, ११, १३ अशी.

एवढ्याने भागले असते तर शोध कशाला लागला असता? दोन एकांची माळ ११, ती मूळ आहे. तीन एकांची १११ मात्र ३ × ३७ अशी फुटते. पाच एकांची ४१ × २७१. सात एकांची २३९ × ४६४९. अकरा एकांची २१६४९ × ५१३२३९. लांबी मूळ असूनही माळा फुटतच जातात, आणि त्यांचे तुकडे पाहिले तर त्यात एक शिस्त आढळते. लांबी पाच असेल तर प्रत्येक मूळ अवयवातून एक वजा केल्यावर उरलेल्या संख्येला दहाने भाग जातो: ४० आणि २७०. लांबी सात असेल तर चौदाने: २३८ आणि ४६४८. तीनपेक्षा मोठ्या प्रत्येक मूळ लांबीसाठी हा नियम सिद्ध झालेला आहे. लांबीच्या दुपटीने भाग गेलाच पाहिजे. या नियमाने शोधणाऱ्याचे केवढे श्रम वाचतात ते तेरा एकांच्या माळेवर करून पाहा. २६ च्या पटीत एक मिळवायचा. २७ मूळ नाही, सोडून द्या. पुढची ५३. भाग लावा: ११,११,११,११,११,१११ ला ५३ ने निःशेष भाग जातो, भागाकार २०,९६,४३,६०,५८७. पहिल्याच खऱ्या प्रयत्नात माळ तुटली. सतरा एकांची माळ मात्र एवढ्या सहज तुटत नाही. तिचा लहान अवयवसुद्धा २०७१७२३ आहे.

आणि मग एकोणीस.

महावीराचार्यांनी आपल्या ग्रंथात संख्येची चोवीस स्थाने नावांनिशी दिली आहेत. एक, दश, शत, सहस्र इथून सुरू होऊन कोटी, अर्बुद, खर्व, पद्म, क्षोणी, शंख, क्षित्या करत ती महाक्षोभापर्यंत जातात. त्यांच्या यादीत एकोणिसावे स्थान शंख आणि तेविसावे क्षोभ. एकोणीस एकांची माळ, जिचा पहिला एक शंखाच्या स्थानी बसतो, ती मूळ आहे. तेवीस एकांची माळ, जिचा पहिला एक क्षोभाच्या स्थानी बसतो, तीही मूळ आहे. आचार्यांच्या चोवीस स्थानांत मावणाऱ्या न तुटणाऱ्या माळा तीनच: दोनची, एकोणिसाची आणि तेविसाची. त्यांच्याजवळ एकोणीस एकांची संख्या लिहायला स्थाने होती, नावे होती, माळा तोडण्याचा नादही होता. ती तुटत नाही हे पटवून देणारी युक्ती जगात कोणाहीजवळ यायला मात्र आणखी हजार वर्षे लागली.

तुटते हे दाखवायला एक अवयव पुरतो. तुटत नाही हे दाखवायचे तर सगळ्या शक्यता संपवाव्या लागतात. एकोणीस एकांच्या संख्येचे वर्गमूळ सुमारे १०५ कोटी. ३८ च्या पटीत एक मिळवून होणाऱ्या संख्याच तपासायच्या म्हटल्या तरी त्या पावणेतीन कोटींच्या वर भरतात. दिवसाला हजार भागाकार केले तरी पंचाहत्तर वर्षे. ऑस्कर होप्पे यांनी १९१८ च्या सुमारास एकोणिसाच्या माळेचा निकाल लावला, तेविसाच्या माळेचा निकाल १९२० चे दशक सरता सरता लागला. यंत्रयुगाच्या आधीचे हे यश आहे, आणि ते नुसत्या भागाकारांच्या जोरावर मिळण्यासारखे नव्हतेच.

मला सर्वांत भावलेली युक्ती एदुआर ल्युका आणि पुढे डी. एच. लेमर यांच्या नावाने ओळखली जाते. एखादी संख्या मूळ आहे का हे ठरवायचे, तर तिच्याहून एकाने लहान असलेल्या संख्येचे सगळे मूळ अवयव मिळवायचे. ते मिळाले की थोड्याशा बाक्या तपासून मोठ्या संख्येचा पक्का निकाल देता येतो. आता एकोणीस एकांच्या माळेतून एक वजा करा. शेवटच्या एकाच्या जागी शून्य येते. म्हणजे उरते ती अठरा एकांची माळ, दहापट केलेली. अठरा एकांची माळ कशी तुटते? नऊ एकांची माळ गुणिले १००००००००१.

वर दिलेली यादी पुन्हा पाहा. नऊ एकांची माळ आणि १००००००००१ ही दोन्ही महावीराचार्यांची कंठाभरणे आहेत. एक त्यांनी ९ ने तोडली, दुसरी ७ ने. तीच पुढे तोडत नेली की ३, ७, ११, १३, १९, ३७, ५२५७९ आणि ३३३६६७ हे मणी हाती येतात. मघाशी गोळा केलेले. एकोणीस एकांची माळ तुटत नाही हे सिद्ध करायला ल्युका-लेमर पद्धतीत या आठ मण्यांच्या जोडीला दहातले २ आणि ५ घेतले की बाकी काही लागत नाही. हे पहिल्यांदा मांडून पाहिले तेव्हा मी कितीतरी वेळ त्या कागदाकडे पाहत राहिलो. आचार्यांना पुढचे माहीत होते असा दावा मी करणार नाही, तसा काही आधार नाही. पण अंकांच्या माळा तोडण्याचा नाद हा पोरखेळ नव्हे, हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार? न तुटणाऱ्या माळेची सिद्धता तिच्याहून एका मण्याने लहान माळेच्या तुकड्यांत असते.

तेविसानंतरची माळ फार दूर निघाली: ३१७ एकांची. कॅनडातले ह्यू विल्यम्स यांनी १९७७-७८ च्या सुमारास ती गाठली. तिच्यातून एक वजा केला की दहापट केलेली ३१६ एकांची माळ उरते, आणि ३१६ ही ४ × ७९ असल्याने ती रिपीटनुसार तुकडे होऊन पडते. पुढची १०३१ एकांची. विल्यम्स आणि अमेरिकेतले इंजिनीअर हार्वे डबनर यांनी १९८६ मध्ये ती सिद्ध केली. डबनर हे व्यवसायाने गणितज्ञ नव्हते. मोठ्या संख्यांची आकडेमोड झपाट्याने करणारे खास यंत्र त्यांनी मुलाच्या मदतीने घरचे घरी बांधले होते आणि आयुष्यभर मूळ संख्या शोधल्या.

आज ३१७ एकांची चाचणी साधा लॅपटॉप डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो. या चाचणीचे सूत्र सतराव्या शतकातल्या फर्मा यांचे. संख्या मूळ असेल, तर तिच्याहून एकाने कमी इतका घात २ ला दिला आणि त्या संख्येने भागले की बाकी १ उरते. बाकी १ उरली नाही तर संख्या नक्की संयुक्त. अवयव कोणते ते न कळताही निकाल लागतो. बाकी १ उरली तर मात्र घाई करता येत नाही. ३४१ ही संख्या २ च्या घाताची ही परीक्षा उत्तीर्ण होते, आणि ती आहे ११ × ३१. म्हणून अशा उत्तीर्ण संख्येला ‘संभाव्य मूळ’ म्हणतात. हजारो अंकांच्या बाबतीत असा धोका नगण्य असतो, पण नगण्य म्हणजे शून्य नव्हे, आणि गणितात या फरकाला सगळी किंमत आहे.

डबनर यांना १९९९ मध्ये ४९०८१ एकांची संभाव्य मूळ माळ सापडली. मधल्या सगळ्या लांबींवर काहीही नाही. १०३१ वरून थेट ४९०८१. पुढच्याच वर्षी ल्यू बॅक्स्टर यांना ८६४५३ एकांची मिळाली. एवढ्या मोठ्या माळांच्या बाबतीत एकाने लहान असलेल्या माळेचे तुकडे पुरेसे होत नाहीत. काही तुकडे इतके अवाढव्य राहतात की त्यांचे अवयव कोणालाच काढता येत नाहीत. इथे लंबवर्तुळी वक्रांची पद्धत कामी येते. ती मोठ्या संख्येचा प्रश्न जरा लहान संख्येवर आणते, तो आणखी लहान संख्येवर, आणि असे करत शेवटी हाताने तपासता येईल इतक्या छोट्या मूळ संख्येपर्यंत पोहोचते. या सगळ्या पायऱ्यांचा दाखला तयार होतो आणि तो दुसऱ्या कोणालाही आपल्या संगणकावर स्वतंत्रपणे पडताळता येतो. ४९०८१ एकांच्या माळेला असा दाखला २०२२ मध्ये पॉल अंडरवूड यांनी मिळवून दिला, ८६४५३ च्या माळेला २०२३ मध्ये आंद्रेआस एंगे यांच्या प्रोग्रॅममुळे मिळाला. सापडल्यापासून सिद्ध होईपर्यंत दोन्ही माळांना तेवीस-तेवीस वर्षे लागली. आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये मूळ संख्या ओळखण्याची जलद आणि बिनचूक रीत तत्त्वतः आहे हे सिद्ध करून जगाला थक्क केले, ते याच प्रश्नावर. प्रत्यक्ष एवढ्या मोठ्या संख्यांसाठी मात्र वक्रांची पद्धतच वापरात आहे.

नक्षीवर विसंबणे किती धोक्याचे, याची उदाहरणे या प्रांतात पावलोपावली भेटतात. ३१ मूळ आहे. ३३१ मूळ आहे. ३३३१, ३३३३१, ३३३३३१, ३३३३३३१ आणि ३३३३३३३१ याही मूळ आहेत. इथे कोणीही नियम बांधायला उतावीळ होईल. पुढची ३३३३३३३३१ ही १७ × १९६०७८४३ निघते. उलट १०१, १०१०१, १०१०१०१ अशी एक आड शून्य असलेली माळ घेतली तर १०१ सोडून एकही मूळ नाही, आणि हे अनंतापर्यंत खरे असल्याचे शाळकरी बीजगणिताने चार ओळींत सिद्ध होते. आचार्यांच्या चढउताराच्या नक्षीत ९ पर्यंत थांबलात तर उत्तर नेहमी वर्गच येतो, म्हणजे तुटणारच. पण मध्ये १० घातला की १२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही वीस अंकी संख्या मूळ आहे. तीही त्यांच्या चोवीस स्थानांत मावते.

यावर जाणकार हमखास आक्षेप घेतात: अंकांची नक्षी ही आपल्या दहाच्या हिशोबाची करामत, संख्येच्या अंगचा गुण नव्हे. आक्षेप अर्धा खरा आहे. दोनच्या हिशोबात लिहिले तर एकांच्या माळा म्हणजे मर्सेन संख्या होतात, आणि जगातली आज माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या तशीच आहे: १३,६२,७९,८४१ एकांची. ती ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना सापडली. आपल्या दशमान पद्धतीत तिचे चार कोटी दहा लाखांवर अंक होतात. पण दहाच्या हिशोबातही नक्षीच्या मागे खरे गणित आहे. १ ला ७३ ने भागले की ०.०१३६९८६३ हे आठ अंक पुन्हापुन्हा येत राहतात, कारण ७३ हा आठ एकांच्या माळेचा मणी आहे. १३७ चेही आवर्तन आठ अंकांचेच. ४१ आणि २७१ यांचे पाच अंकांचे. ज्या माळेला अवयवच नाहीत, तिच्या लांबीचे आवर्तन तिच्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही मूळ संख्येला मिळत नाही. एकोणीस अंकांनी फिरणारा आवर्ती दशांश देणारी मूळ संख्या विश्वात एकच आहे, ती एकोणीस एकांची माळ. सॅम्युएल येट्स यांनी अशा संख्यांना ‘युनिक प्राइम’ म्हटले. महावीराचार्यांच्या माळांत लपलेल्या ३३३६६७ आणि ९९०१ याही तशाच एकमेवाद्वितीय आहेत. पहिलीचे आवर्तन नऊ अंकांचे, दुसरीचे बारा.

२००७ मध्ये १०९२९७ आणि २७०३४३ एकांच्या माळा पुढे आल्या. त्यानंतर चौदा वर्षे काही नाही. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत रायन प्रॉपर आणि सर्गेई बाटालोव यांना लागोपाठ दोन मिळाल्या: ५७,९४,७७७ एकांची आणि ८१,७७,२०७ एकांची. छापील पानावर अडीच हजार अंक बसतात असे धरले तर दुसरी माळ सव्वातीन हजारांहून अधिक पाने भरेल, आणि प्रत्येक पानावर एकाखेरीज दुसरा अंक नसेल. दोघीही संभाव्य मूळच आहेत. त्यांचा दाखला काढायला आजची वक्रांची पद्धत आणि आजची यंत्रे तोकडी पडतात. आतापर्यंत माहीत झालेल्या न तुटणाऱ्या माळा या दोघींना धरून अकरा. त्या अनंत असाव्यात असे बहुतेकांना वाटते, पण बारावी आहे एवढेसुद्धा अजून कोणी सिद्ध केलेले नाही.